खोटा कावळा

"आई, मला कावळा शिवलाय."

स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मी हे म्हणाले, तेव्हा सासूबाई चहात आलं ठेचून टाकत होत्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तोवर मी त्यांच्याशी खोटं बोललेच नव्हते असं नाही. 'आमटी छान झालीय' वगैरे बोलावंच लागतं. पण असं धडधडीत आणि चार दिवस टिकवायचं खोटं पहिलंच.

"आत्ता?" त्यांनी मागं वळून न बघता विचारलं.

"आत्ताच."

"बरं. चव्वेचाळीस दिवस झाले होते." त्यांनी चहावर झाकण ठेवलं. "जा मग. चटई तिथंच आहे. आणि जाताना पापडांकडनं जाऊ नको, तुझी सावली पडंल."

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, रहिमतपूरची. आमच्या घरात तेव्हा पाळी आलेल्या बाईनं चार दिवस पडवीच्या टोकाच्या खोलीत बसायचं असे. तिची चटई वेगळी, ताट-तांब्या वेगळा, आणि तिला कुणी शिवायचं नाही. चुकून शिवलं तर सासूबाई डोक्यावरून अंघोळ करायच्या. एकदा जानेवारीत माझ्या पदराचं टोक त्यांच्या कोपराला लागलं, तर दिवसभर कुडकुडत बसल्या होत्या. पण अंघोळ चुकवली नव्हती.

त्या खोलीत एका बाजूला कांदे पसरलेले असत आणि दुसऱ्या बाजूला मामंजींची जुनी वेळापत्रकं. माझे सासरे, मामंजी, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत माईकसमोर बसून 'वडूजकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर' असं सांगणारे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण आवाज अजून ड्यूटीवर होता. ते घरात चहा मागायचे तेव्हा शेजारची माणसं आपापलं सामान आवरायची.

मी चटईवर बसले आणि पोटावर हात ठेवला. पाळी आली नव्हती. मला दिवस गेले होते. आणि ते मामंजींना, गल्लीला, एसटीला आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षीही मला दिवस राहिले होते. दीड महिना झाला नि घरात कळलं. घरात कळलं म्हणजे मामंजींना कळलं, आणि मामंजी दुपारी सवयीनं स्टँडवर चक्कर मारायचे. आठ दिवसांत कोरेगावच्या गाडीचे ड्रायव्हर मला बघून ब्रेक हळू दाबायला लागले. पुसेगावच्या कंडक्टरनं बोरं पाठवली. मग अडीच महिने भरत आले आणि एका सकाळी सगळं संपलं. ते काही कुणी माईकवरून सांगत नाही. चांगली बातमी सगळ्या मार्गांवर गेली होती, वाईट बातमीला गाडीच मिळाली नाही. पुढं सहा महिने कुठल्याही गाडीत चढलं की कुणीतरी विचारायचं, "काय वहिनी, पेढे कधी?" मी खिडकीबाहेर बघायची. माझा नवरा विद्याधर म्हणायचा, "लवकरच." तो हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक. त्याला भांडता येत नाही.

त्यानंच बापाला सांगितलं असणार, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. त्यामुळं या खेपेला मी त्याच्याकडून देवापुढं शब्द घेतला होता.

आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, आम्ही साताऱ्याला सोनोग्राफीला जाऊन आलो होतो. घरी सांगितलं, दाढ दुखतेय. त्या काळी पोटावरून बघायचे आणि त्यासाठी लघवी गच्च भरलेली लागायची. मी घरून पाच तांबे पाणी पिऊन निघाले. एसटीच्या मागच्या सीटवर. कंडक्टर भोईटे निघाले, मामंजींचे जुने दोस्त. अर्ध्या वाटेत मी विद्याधरला म्हणाले, "गाडी थांबवा, नाहीतर मी काही जबाबदार नाही." भोईट्यांनी घंटी मारली, मी धावत एका गोठ्यामागं गेले, आणि पाचही तांबे तिथंच सोडून आले. बत्तीस माणसं गाडीत माझी वाट बघत बसलेली. साताऱ्यात पुन्हा पहिल्यापासून पाणी.

डॉक्टर चिटणीसबाई शांत होत्या. पडद्यावर काळा ठिपका दाखवला. "ही पिशवी. जागा बरोबर आहे. पण तारखेप्रमाणं आता ठोका दिसायला हवा होता. तो दिसत नाही."

त्यांनी माझ्या तारखांचा कागद पुन्हा बघितला.

"तुमची पाळी लांबते ना?" त्यांनी विचारलं. "मग गर्भ उशिरा धरला असेल. तारखेपेक्षा लहान असू शकतो. तिळाएवढा. दहा दिवसांनी या."

"आणि तेव्हाही नाही दिसला तर?"

"तेव्हा बोलू," त्या म्हणाल्या, आणि विद्याधरच्या हातात एक पातळ पुस्तिका ठेवली. गर्भ कसा वाढतो त्याची, आठवड्याच्या हिशेबानं.

संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई भाजी निवडत होत्या. "दाढ राहू दे," म्हणाल्या, "पण तुझी तारीख टळलीय ना?" मी गडबडीनं म्हटलं, "कंबर दुखतेय, आज-उद्या येईलच." आता म्हटल्यावर आणणं भागच होतं.

तर अशी मी कांद्यांच्या खोलीत बसले होते आणि पोटात तीळ होता. जिवंत की नुसताच तीळ, ते मला माहीत नव्हतं.

विद्याधर खिडकीशी यायचा तो दात घासायच्या निमित्तानं. त्या चार दिवसांत त्यानं जेवढे दात घासले तेवढे उभ्या जन्मात घासले नसतील.

"आज काय झालंय माहितीय?" फेसाळ तोंडानं तो पुटपुटला. पुस्तिका लेंग्याच्या खिशात. "हातापायांचे कोंब."

"कोंब?"

"मटकीला येतात तसे."

"आणि?"

"शेपूट आहे."

"शेपूट!"

"जातं म्हणे नंतर."

"नक्की जातं ना? तुमच्या घराण्यात कुणाला..."

"मंदाकिनी!"

"हळू. मामंजी अंगणात आहेत."

"आणि काळीज," तो म्हणाला. "काळीज सगळ्यात आधी चालू होतं असं लिहिलंय. अजून नाक नाही, तोंड नाही, पण ते चालू." मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. तो घासलेले दात पुन्हा घासायला लागला.

बुधवारी त्यानं चित्र काढून आणलं. हजेरीच्या कागदाच्या पाठीवर, छान पेन्सिलीनं छटा-बिटा देऊन. कोयरीसारखं वाकडं, एक मोठा डोळा, खाली शेपटी. ते खिडकीतून टाकताना वाऱ्यानं उडालं ते थेट पडवीत. नेमक्या सासूबाई माझं ताट घेऊन येत होत्या.

"हे काय रे, विद्या?"

"तक्ता आहे, शाळेचा. बेडकाचं पिल्लू."

"बायको बाजूला बसलीय, आणि तू तिच्या खिडकीत बेडकाची पिल्लं टाकतोस?"

"तिला कंटाळा येतो, म्हणून."

सासूबाईंनी चष्मा पुढं ओढून चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "डोळा लई मोठा काढलास," म्हणाल्या. मग ताट उंबऱ्यावर ठेवलं, चित्र त्याच्या कडेखाली सरकवलं आणि न शिवता मागं झाल्या. ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता. आणि लोणच्याच्या दोन फोडी. पाळीतल्या बाईला आमच्याकडं लोणचं दिसतही नसे, बरणी नासते म्हणून. मी म्हटलं, चुकून आलं असेल. पटकन खाऊन टाकलं, त्यांच्या लक्षात येण्याआधी.

पडवीतून मामंजींचा आवाज आला, "अहो, बाजूला बसलेल्या माणसाला हल्ली भूक जास्त लागते काय? चार भाकऱ्या गेल्या!" तीन घरं पलीकडं कुणीतरी हसलं.

"तुम्ही मोजू नका," सासूबाई म्हणाल्या. "आता नियंत्रक नाही तुम्ही."

माझं खरं दुखणं दोरीचं होतं. त्या दिवसांतली कापडं परसात लिंबामागच्या दोरीवर वाळत घालायची रीत होती, आणि दोरीवर काहीच नसेल तर सासूबाई विचारणार. म्हणून मी रोज तीन कोरी कापडं पाण्यातून काढून तिथं घालायची. ओली मी करायची, वाळवायचं ऊन, संध्याकाळी घडी पुन्हा माझीच. एवढी स्वच्छ पाळी गावात कुणाला आली नसेल.

गुरुवारी सकाळी मात्र भलतंच झालं. सासूबाईंचा दत्ताचा उपास. त्या अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा बांधून, देवाला फुलं तोडायला परसात आल्या होत्या. मी लिंबामागं दोरीशी उभी होते आणि कुणीतरी शेजारी लसणाची फोडणी दिली. मला भडभडून आलं. मी वाकले, आणि ओकतच सुटले. डोळ्यांपुढं काजवे. तेवढ्यात कपाळाखाली एक गार तळवा आला आणि दुसरा हात पाठीवर. "असू दे, असू दे. सगळं निघू दे."

पाणी देऊन, तोंड पुसून त्यांनी मला खोलीपर्यंत धरून नेलं. "पित्त झालंय तुला," म्हणाल्या. मग खाली पडलेली परडी उचलली.

मी दारातून बघत होते. आता त्या न्हाणीघरात जातील. गेल्या नाहीत. सरळ देवघरात गेल्या, आणि थोड्या वेळानं घंटी वाजली.

दात घासायची वेळ होईतो मी कशीबशी थांबले.

"तुमच्या आईनं मला शिवून अंघोळ केली नाही. तशाच देवापुढं गेल्या!"

"विसरली असेल."

"आई? विसरतील? गुरुवारी?"

"अगं, पण तू बाजूची नाहीसच मुळी. मग बाटलं कुठं काय?"

"ते मला माहितीय. त्यांना कुठं माहितीय?"

यावर त्यानं पुष्कळ विचार केला. ब्रश तोंडातच होता. "मग देवाला काय माहितीय ते बघायचं की आईला?"

मी त्याला शाळेत जायला सांगितलं. दिवसभर मला वाटत राहिलं की माझ्या खोटेपणानं त्या बाईचा उपास मोडला, आणि याची भरपाई आता पोटातल्या तिळाला करावी लागणार. असं काही नसतं हे मला कळत होतं. पण त्या दहा दिवसांत मला कळत होतं त्याचा काही उपयोग नव्हता.

शनिवारी मी न्हाऊन बाहेर आले. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. विद्याधर पुस्तिकेत पुढं पुढं वाचत होता, आणि मी त्याला म्हणत होते, पुढचं वाचू नका, अजून ठोका नाही.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा सातारा. पुन्हा दाढ. आणि ऐन वेळी विद्याधरच्या शाळेत तपासणी लागली.

"मी एकटी जाईन," मी म्हणाले.

"एकटी कशाला? मी येते." सासूबाईंनी पातळ बदललेलंच होतं. "बघू तरी हा दाढेचा डॉक्टर कोण ते."

विद्याधरचा चेहरा फळा पुसल्यासारखा झाला. मी काही बोलायच्या आत मामंजी आम्हाला पोचवायला निघालेसुद्धा. स्टँडवर त्यांनी भोईट्यांना बजावलं, "सूनबाईची दाढ आहे! जपून ने!" सगळा फलाट माझ्या गालाकडं बघायला लागला. मी गाल धरला. कुठला दुखतोय ते मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते आठवेना, म्हणून दोन्ही धरले.

गाडी निम्म्या वाटेवर आली. सासूबाईंनी पिशवीतून मोठा प्लास्टिकचा कॅन काढला.

"पी."

"नको, आई. दाढेला पाणी..."

"पी गं. साताऱ्याच्या अलीकडं अर्धा तास प्यायचं, म्हणजे गोठा लागत नाही. भोईट्यालाही विचारून ठेवलंय, कुठून सुरुवात करायची ते."

मी कॅन हातात धरून बसले. गाडी खड्ड्यांतून उडत होती.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"सोमवारीच थोडं. गुरुवारी पुरतं." त्या समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत बोलत होत्या. "आणि ती कापडं, मंदा. अगं, तीच तीन कापडं रोज त्याच घडीवर वाळत घालतेस. निदान चुरगाळायची तरी."

"मग बोलला का नाही?"

"तू नको म्हणालीस ना."

"मी कधी म्हणाले?"

"चार दिवस कांद्यात जाऊन बसलीस. आणखी कसं म्हणायचं असतं?"

मी पाणी प्यायले. प्यायचं होतंच, आणि तोंडही लपवायचं होतं.

कॅन परत घेत त्या म्हणाल्या, "गेल्या खेपेला ह्यांना मी सांगितलं होतं. विद्यानं नाही. विद्या बिचारा कालही मला बेडकाचं पिल्लूच म्हणत होता. मीच. आनंदाच्या भरात बोलून गेले. मग ते लोक तुला पेढे विचारायचे, आणि तू खिडकीबाहेर बघायचीस. मी शेजारी बसलेली असायची ना गाडीत." त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं, मग लक्षात आलं की मला अजून प्यायचंय, आणि पुन्हा उघडून दिलं. "म्हणून म्हटलं, या वेळी मला काही माहीत नाही."

चिटणीसबाईंनी त्यांना आत येऊ दिलं. मी टेबलावर, पोटावर गार चिकट मलम, लघवीनं जीव कासावीस. सासूबाई माझ्या डोक्याशी, हातात पिशवी. डॉक्टर यंत्राचा दांडा फिरवत होत्या. इकडं. तिकडं. थोडा दाबून. बोलत नव्हत्या. मी छताच्या पंख्याला पाती किती ते मोजत होते. तीनच होती. पुन्हा मोजली.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच.

सासूबाईंनी माझा खांदा धरला.

"हे बघा." त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. "हे लुकलुकतंय ना? हा ठोका. चांगला आहे. मी म्हटलं तसंच, तारखेपेक्षा लहान आहे, बाकी काही नाही."

मला काही दिसेना. डोळ्यांत पाणी आलं की पडद्यावरचं सगळंच लुकलुकतं.

"कुठंय?" सासूबाई पुढं वाकल्या. "हे?"

"ते नाही, आजी. तो तुमच्या चष्म्यावर पडलेला उजेड. हे, इथं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ गेल्या. मग खूप वेळ तशाच.

"एवढंसं?" शेवटी म्हणाल्या. "एवढ्याशासाठी मी चार चार भाकऱ्या थापत होते?" आणि लगेच, कुणी ऐकलं तर त्याला वाईट वाटेल असं वाटून की काय, आवाज उतरवून, "चांगलंय. छान आहे. विद्यानं डोळा उगाच मोठा काढला होता."

येताना गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "तीन महिने होईतो ह्यांना कळता कामा नये."

"पण आई, पुढची तारीख येईल. मग?"

"मग काय. बैस बाजूला."

"पुन्हा?"

"तुला जमतं चांगलं. दोरीचं तेवढं मी बघते."

"आणि देवाचं?"

"त्याला मी गुरुवारीच सांगून टाकलंय," सासूबाई म्हणाल्या. "तो कुणाला बोलायचा नाही."

आणि पुढच्या तारखेला मी पुन्हा त्या खोलीत गेले. मामंजींनी अंगणातून विचारलं, "सूनबाई बाजूला का?" सासूबाईंनी "होय" म्हणून सांगितलं आणि त्यांना दळणाला पिटाळलं. दुपारी दार लोटून त्या ताट घेऊन आत आल्या. ताट एकच होतं, पण भाकऱ्या पाच आणि वाट्या दोन. माझ्या चटईवर मांडीला मांडी लावून बसल्या, मला पहिला घास भरवला, आणि मग विचारायला लागल्या, आता शेपूट गेलं असेल का, बोटं सुटी झाली असतील का, नखं कधी येतात. मी पुस्तिका काढली. मी वाचायची, त्या खायच्या, मग त्या वाचायच्या, अडखळत, बोट ठेवून, आणि मी खायची. कांद्यांचा वास होता, पण मला मळमळलं नाही.

असे आम्ही किती वेळ बसलो कुणास ठाऊक. एकदम पडवीत मामंजींचा आवाज उठला. दळण घेऊन परत आले होते.

"अरे, घरात आहे की नाही कुणी? स्वैपाकघर रिकामं! सूनबाई, तुझी सासू कुठं गेली?"

मी घाबरून सासूबाईंकडं बघितलं. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी तो सावकाश गिळला, तांब्यातलं पाणी प्यायल्या, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,

"सांग, त्यांनाही कावळा शिवलाय म्हणून."

सासूबाईंना तेव्हा सत्तावन्नावं चालू होतं. मी दाराआडून तसं सांगितलं. बाहेर दळणाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामंजी, आयुष्यात पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात, म्हणाले, "बरं, बरं. मग चहा मीच ठेवतो."